आमच्या गल्लीतली तार

सेमिनरी हिल्स हे नाव नागपूरकरांच्या तोंडी इतके रुळले आहे की, त्यातली सेमिनरी कोणती असे विचारल्यास पुष्कळांना सांगता येत नाही. आम्हां कॅथलिकांना ते सांगावे लागत नाही. भावी धर्मगुरू घडविणारी संत चार्ल्स सेमिनरी त्या टेकडीवर आहे. मात्र रिक्षावाल्याला पत्ता सांगताना आम्हीही 'टीव्ही टॉवर' असेच सांगतो. कारण दूरदर्शनचे केंद्र आणि त्याचा मनोरा त्याच टेकडीवर आहे. १९८० च्या दशकात शहरातील कौलांवर आणि गच्च्यांवर ॲल्युमिनियमचे अँटेना उभे राहिले, ते सारे त्या मनोऱ्याकडे तोंड करून. वावटळीत अँटेना फिरला की घरातील एखादा मुलगा वर चढे आणि खालून 'आलं, आलं... गेलं!' असा पुकारा होई. त्या काळी बिघाड आपल्याच छपरावर असे आणि दुरुस्तीही आपल्याच हाती असे.

या लेखात आम्हांला लिहायचे आहे ते त्या मनोऱ्यानंतर आमच्या गल्लीत आलेल्या तारेविषयी आणि ती तार ओढणाऱ्या माणसाविषयी. वर्तमानपत्रांत या माणसाचे नाव आले तर ते बहुधा करवसुलीच्या किंवा हाणामारीच्या बातमीत. त्याच्यावर कोणी ललित लेख लिहिल्याचे आमच्या वाचनात नाही. आणि तरीही सुमारे तीस वर्षे, दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, दूधवाला आणि पेपरवाला यांच्याइतक्याच हक्काने तो आमच्या दारात उभा राहिला आहे.

प्रारंभी ही तार आकाशाशी जोडलेली नव्हती. एखाद्या वसाहतीत कोणी व्हिडिओ प्लेअर आणी, त्यातून दहा-वीस घरांना तार देई आणि रोज एक-दोन चित्रपट दाखवी. १९९१ साली आखाती युद्धाची दृश्ये उपग्रहावरून येऊ लागली, त्याच वर्षी स्टार टीव्ही सुरू झाला आणि १९९२ च्या ऑक्टोबरात झी टीव्ही आला. मग गल्लीतल्या त्या तरुणाने गच्चीवर मोठी तबकडी बसविली, जिन्याखालच्या खोलीत यंत्रे मांडली आणि तिला 'कंट्रोल रूम' असे भारदस्त नाव दिले. खोलीत एक पंखा होता. तो यंत्रांकडे वळविलेला असे. नागपूरच्या मे महिन्यात मालक घामाघूम आणि यंत्रे वाऱ्याखाली, असे दृश्य आम्ही कितीदा तरी पाहिले आहे.

त्या तारेचे शास्त्र साधे होते. तबकडीने धरलेला संकेत तारेतून जाताना अंतरागणिक क्षीण होत जातो. म्हणून मध्ये मध्ये तो वाढविणारे ॲम्प्लिफायर बसवावे लागतात. ॲम्प्लिफायरला वीज लागते, ती वाटेवरल्या एखाद्या घरातून घ्यायची आणि त्या बदल्यात त्या घराचे केबलशुल्क माफ. जुन्या दूरचित्रवाणी संचांना मोजक्याच वाहिन्या नीट दिसत, बाकीच्या मुंग्यांनी भरलेल्या. त्यामुळे कोणती वाहिनी स्वच्छ जागी बसवायची आणि कोणती मुंग्यांत टाकायची, याचा निर्णय त्या जिन्याखालच्या खोलीत होई. पुढे वाहिन्याच चांगल्या जागेसाठी केबल कंपन्यांना पैसे देऊ लागल्या, तेव्हा या निर्णयाचे मोल सर्वांना कळले. आमच्यासारख्यांना ते आधीच कळले होते. आमच्या धर्मग्रामात मराठी, हिंदी, तमिळ, मल्याळम अशा चार भाषांची कुटुंबे आहेत. रेल्वेच्या नोकरीने इकडे आलेल्या केरळी कुटुंबांनी एका रविवारी मिस्सानंतर केबलवाल्याला गाठले आणि 'आमची एशियानेट लाव' म्हणून सांगितले. पंधरा घरांची मागणी होती. आठ दिवसांत एशियानेट दिसू लागली.

सरकारला या व्यवसायाची दखल घ्यायला काही वर्षे लागली. १९९५ साली केबल टेलिव्हिजन नेटवर्क अधिनियम झाला. त्याने केबलचालकाला मुख्य टपाल कार्यालयात नोंदणी करायला लावली, दूरदर्शन दाखविणे सक्तीचे केले आणि कार्यक्रमांना एक संहिता घालून दिली. ज्या टपालखात्यातून आमची मनिऑर्डर येई त्याच टपालखात्याकडून उपग्रहाच्या चित्रांना परवाना मिळावा, याची आम्हांला त्या वेळी मोठी मौज वाटली होती.

घराघरांत मात्र त्या दिवसांत मौज कमी आणि चिंता अधिक होती. संध्याकाळची जपमाळ हा आमच्या घरांचा जुना नेम. मालिकांची वेळ आणि जपमाळेची वेळ एकच झाली. काही घरांत जपमाळ लवकर आटोपू लागली, काहींत ती उशिरा आणि पेंगुळलेल्या मुलांसह होऊ लागली, आणि काही घरांत ती झालीच नाही. प्रवचनांतून केबलविरुद्ध सूर उमटत असे. आम्हांला तो सूर पुरता पटत नव्हता. प्रभुसभेने दूरचित्रवाणीला कधी शत्रू मानलेले नाही. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली संपर्कमाध्यमांवर स्वतंत्र आदेशपत्र काढले, त्यात या साधनांचे स्वागत आहे आणि घरात काय येते यावर लक्ष ठेवण्याचे कर्तव्य आईवडिलांवर सोपविलेले आहे. त्याच्याही आधी, १९५८ साली, बारावे पायस यांनी असिसीच्या संत क्लारेला दूरचित्रवाणीची आश्रयदाती संत म्हणून घोषित केले. आजारपणामुळे नाताळच्या रात्री तिला मंदिरात जाता आले नाही, तेव्हा तिला आपल्या खोलीतच तिथला विधी दिसला आणि ऐकू आला, अशी परंपरा आहे. नागपूरच्या आमच्या कॅथिड्रलचे आश्रयदाते संत फ्रान्सिस द सेल्स हेदेखील पत्रकारांचे आश्रयदाते. लोक प्रवचनाला येईनात तेव्हा हाताने लिहिलेली पत्रके ते घरांच्या दारांखालून आत सरकवीत. घरात शिरण्याची ही कला तारेवाल्यापेक्षा फारशी निराळी नव्हे!

तेव्हा आमच्या धर्मग्रामातील काही वडीलधाऱ्या स्त्रियांनी कर्तव्याचा सरळ मार्ग धरला. केबलवाला आपल्या स्थानिक वाहिनीवर रात्री उशिरा काही चित्रपट दाखवी, ते घरात लावण्याजोगे नसत. त्या सात-आठ जणी एका दुपारी कंट्रोल रूममध्ये गेल्या. एक म्हणाली, "भाऊ, तुझ्या घरी पण लेकरं आहेत ना रे?" तो म्हणाला, "आहेत जी, काकू." तिने पुढे काही म्हटले नाही. चित्रपट बंद झाले. महिनाभराने पुन्हा सुरू झाले, पुन्हा दोघी जाऊन आल्या आणि पुन्हा बंद झाले. कार्यक्रम संहिता दिल्लीत लिहिली गेली. आमच्या गल्लीत तिची अंमलबजावणी अशी होत असे.

त्याच स्थानिक वाहिनीवर आम्ही आमचे गाव पाहिले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी मारबत, पोद्दारेश्वर राममंदिराची रामनवमीची शोभायात्रा, दीक्षाभूमीवरील धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा जनसागर. आणि नाताळात आमच्या मंदिराचे आवार. धर्मग्रामातील एका तरुणाने नाताळच्या नाटुकलीचे चित्रण केले होते. ती फीत पिशवीत घालून तो कंट्रोल रूममध्ये गेला, केबलवाल्याने ती यंत्रात सरकविली आणि त्या संध्याकाळी शेजारपाजारच्या हिंदू, बौद्ध, मुसलमान घरांतही आमची मुले मेंढपाळ होऊन वावरली. दुसऱ्या दिवशी किराणा दुकानदाराने 'तुमचा छोटा योसेफ छान बोलला बरं' असे सांगितले. यासाठी अर्ज, शुल्क, कंपनी, करार यांपैकी काही लागले नाही.

या माणसाचे गुणगानच करावे असे आमच्या मनात नाही. गल्लीत तो एकटाच होता आणि त्याला ते ठाऊक होते. पावती मागितली तर 'घरचेच आहात' म्हणून हसत असे. पाचशे घरांना जोडणी देऊन कागदोपत्री दीडशे दाखविण्याची रीत या धंद्यात देशभर होती. त्यामुळे वाहिन्यांचे पैसे बुडत आणि सरकारचा करमणूक करही बुडे. महाराष्ट्रात हा कर जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयामार्फत वसूल होई. २०१० च्या सुमारास महानगरपालिका हद्दीत तो जोडणीमागे दरमहा ४५ रुपये होता. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला तेव्हा तो गेला. दोन केबलवाल्यांच्या हद्दीवरून भांडण झाले की रात्रीत तारा कापल्या जात आणि शिक्षा आम्ही भोगत असू. हे सारे खरे आहे.

तसेच पुढील हकिकतही खरी आहे. २ एप्रिल २००५ रोजी पोप दुसरे जॉन पॉल निवर्तले. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. त्यांचा अंत्यविधी शुक्रवारी, ८ एप्रिलला, आपल्या वेळेनुसार दुपारी दीडला सुरू व्हायचा होता. त्या वर्षी राज्यात भारनियमन जोरात होते. भारनियमनाची गंमत अशी की, आपल्या घरी वीज असली तरी ॲम्प्लिफायर ज्या घरावर आहे त्या घरी ती नसेल तर पडदा काळाच राहायचा. आमच्या ओळीत त्या दुपारी नेमके तेच होणार होते. धर्मग्रामातील म्हाताऱ्याकोताऱ्यांना चार दिवसांपासून एकच ध्यास लागला होता. कोणीतरी केबलवाल्याच्या कानावर घातले. तो स्वतः हिंदू. पोप महोदय कोण, हे त्याला टीव्हीवरूनच कळले असावे. दुपारी एक वाजता तो सायकलीच्या कॅरिअरवर आपल्या घरचा इन्व्हर्टर आणि बॅटरी बांधून आला, ॲम्प्लिफायर त्यावर जोडला आणि विधी संपेपर्यंत, सुमारे तीन तास, त्या घराच्या पायरीवर बसून राहिला. नागपूरचे एप्रिलमधले ऊन वाचकांना सांगायला नको. साध्या लाकडाची शवपेटी, तिच्यावर ठेवलेले शुभवर्तमानाचे पुस्तक आणि वाऱ्याने उलटणारी त्याची पाने आम्ही पाहिली, ती त्या बॅटरीच्या जोरावर. त्याने त्याचे पैसे मागितले नाहीत. पुढच्या महिन्यात शुल्क दहा रुपयांनी वाढले हे खरे, पण ते साऱ्या गल्लीचे वाढले.

तोवर त्याच्या डोक्यावर मोठ्या कंपन्या आलेल्या होत्या. सशुल्क वाहिन्या वाढल्या, प्रत्येक वाहिनीचे यंत्र आणि करार वेगळा. जिन्याखालच्या खोलीला ते झेपेना. म्हणून अनेक चालकांनी स्वतःच्या तबकड्या उतरविल्या आणि मोठ्या कंपनीकडून तयार संकेत घेऊन तो घरोघर पोचविण्याचे काम पत्करले. या कंपन्यांना धंद्यात 'एमएसओ' म्हणतात. देशपातळीवर सिटी केबल, इन केबल, हॅथवे ही नावे झाली. नागपूरची स्वतःची म्हणून जी कंपनी उभी राहिली ती यूसीएन. विदर्भात तिचे जाळे पसरले आणि पुढे त्याच जाळ्यावरून तिने इंटरनेटही दिले. मुंबई-दिल्लीच्या धनाढ्य कंपन्यांपुढे आपल्या शहरातील एक कंपनी टिकून राहावी, याचे आम्हांला कौतुक आहे. पण या टिकण्याची किंमत गल्लीतल्या माणसाने मोजली, हेही लिहिले पाहिजे. त्याची खोली रिकामी झाली. तो मालकाचा पोचवणारा झाला.

त्यानंतरचा घाला कायद्याचा. २०११ साली अधिनियमात दुरुस्ती होऊन केबल टप्प्याटप्प्याने डिजिटल करायचे ठरले. नागपूर दुसऱ्या टप्प्यातील ३८ शहरांत होते आणि मुदत होती ३१ मार्च २०१३. त्या दिवशी पास्काचा सण होता! महिन्याच्या मध्यावर पोप फ्रान्सिस यांची निवड झालेली, त्यांचा पोपपदावरील पहिला पास्का, आणि आमच्या गल्लीत मात्र सारा पवित्र सप्ताह 'पेटी आली का, पेटी आली का' या चौकशीत गेला. सेट-टॉप बॉक्स नसेल तर चित्र नाही. विधवा, निवृत्त, हातावर पोट असलेली कुटुंबे यांना एकरकमी हजाराच्या घरातील खर्च अकस्मात आला. आमच्या केबलवाल्याने काही घरांना पेट्या हप्त्यांवर दिल्या. दोन घरांचे हप्ते अजून येणे आहेत, असे तो हसून सांगतो.

डिजिटल पद्धतीने चित्र स्वच्छ झाले आणि जोडण्यांची लपवाछपवी संपली. कारण प्रत्येक पेटीची नोंद कंपनीच्या संगणकात असते. ही सुधारणाच होय. परंतु तिच्याबरोबर एक गोष्ट आमच्या नकळत घडली. पूर्वी तक्रार केली की तो शिडी घेऊन खांबावर चढे. कुठे माकडांनी तार ओढलेली असे, कुठे पावसाचे पाणी जोडणीत शिरलेले असे. आता तक्रार केली की तो पेटीवरचा आकडा पाहतो, फोन लावतो आणि म्हणतो, "काकू, खांबावर काही नाही जी. वरूनच बंद आहे." हे 'वरून' म्हणजे नेमके कुठून, ते त्यालाही सांगता येत नाही. 'वरून' आलेले निमूट स्वीकारण्याची आम्हां भाविकांना सवय असली, तरी टीव्हीच्या बाबतीत ती लागायला वेळ लागला.

२०१९ च्या फेब्रुवारीपासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाची नवी दरपद्धत आली. शंभर वाहिन्यांच्या जागेसाठी १३० रुपये आणि त्यावर कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. सशुल्क वाहिन्यांचे पैसे निराळे. ग्राहकाने हवे तेच घ्यावे, हा हेतू चांगला. केबलवाला छापील याद्या घेऊन घरोघर हिंडला आणि चष्मे पुसत म्हाताऱ्यांनी खुणा केल्या. बहुतेकांचे बिल कमी झाले नाही. वेगळे ठरले नसेल तर त्या १३० रुपयांपैकी ५५ टक्के मोठ्या कंपनीचे आणि ४५ टक्के गल्लीतल्या चालकाचे, असे नियमात होते. म्हणजे त्याच्या वाट्याला साडेअठ्ठावन्न रुपये आले. त्यात पोऱ्याचा पगार, तार, शिडी आणि ऊन.

२०२३ च्या फेब्रुवारीत दराच्या वादातून मोठ्या प्रसारकांनी अनेक केबल कंपन्यांचे संकेत तोडले. साडेचार कोटी घरे अंधारात गेली, असा केबल संघटनेचा दावा होता. २२ फेब्रुवारीला भस्म बुधवार होता. आमच्या धर्मग्रामातील एका विनोदी गृहस्थांनी 'यंदा प्रायश्चित्तकाळाचा त्याग प्रसारकांनीच आपल्यासाठी ठरविला' असे म्हटले. केबलवाल्याला मात्र त्या आठवड्यात हसू येत नव्हते. घराघरांतून त्यालाच बोल लावला जात होता. भांडण ज्यांचे होते त्यांना आमच्या गल्लीत कोणी ओळखत नव्हते. तोंड दाखवायला हाच.

पण या सर्वांहून आमच्या मनाला लागून राहिलेला प्रसंग २०२० च्या एप्रिलमधला आहे. टाळेबंदीत मंदिरे बंद झाली. पोप फ्रान्सिस २७ मार्चला पावसात, निर्मनुष्य चौकात उभे राहिलेले सर्वांनी पाहिले. पवित्र सप्ताह तोंडावर आला. आमचे धर्मगुरू मंदिरात एकटे मिस्सा अर्पण करीत, ती फोनवरून तरुणांपर्यंत पोचे. पण ज्यांच्याकडे साधे फोन, ज्यांना दिसते कमी, त्या वृद्धांचे काय? पंचवीस वर्षांपूर्वी फीत घेऊन जाणारा तो तरुण, आता पन्नाशीचा, केबलवाल्याकडे गेला. एक तासाचे चित्रण, गल्लीतल्या तीस-चाळीस घरांत दाखवायचे. केबलवाल्याने वर विचारले. स्थानिक वाहिनी कंपनीची. तिचा कार्यक्रम ठरलेला. एका गल्लीपुरते काही दाखविण्याची सोय नव्या यंत्रणेत नाही. उत्तर उर्मट नव्हते. यंत्रणाच तशी होती. "दादा, पहिले असतं तर आता लावून दिलं असतं," एवढेच तो म्हणाला. १२ एप्रिलला पास्का आला. संत क्लारेला जे नाताळच्या रात्री आपल्या खोलीत लाभले, ते आमच्या ओळीतील वृद्धांना, दारापर्यंत तार आलेली असूनही, लाभले नाही. ज्या घरांत नातवंडे होती तिथे लहानशा फोनभोवती सारी बसली. ज्या घरांत नव्हती तिथे जपमाळ झाली.

२०२२ च्या अखेरीस केंद्र सरकारने केबलवरील स्थानिक वाहिन्यांसाठीही मार्गदर्शक सूचना काढल्या: स्थानिक बातम्या आणि चालू घडामोडी दाखवायच्या तर चालक नोंदणीकृत कंपनी असावा, वाहिनीमागे हजार रुपये नोंदणीशुल्क आणि एकूण वाहिन्यांच्या पाच टक्क्यांपर्यंतच मर्यादा. रकमेने कोणी बुडणार नाही. पण एकट्या माणसाने कंपनी व्हायचे कसे?

आता ग्राहकच गळत आहेत. केबल संघटनेने एका सल्लागार संस्थेसह काढलेल्या अहवालानुसार देशातील सशुल्क दूरचित्रवाणीची घरे २०१८ मधील १५ कोटी १० लाखांवरून २०२४ पर्यंत ११ कोटी १० लाखांवर आली. फोनवर स्वस्त इंटरनेट आहे आणि छपरावर दूरदर्शनची विनाशुल्क तबकडी लावता येते. आमच्या केबलवाल्याकडे पूर्वी तीन पोरे कामाला होती. आता तो आणि त्याचा पुतण्या. त्याच खांबांवरून तो आता इंटरनेटची काचतार ओढतो. परवा बिल घ्यायला आला तेव्हा त्याने आपण होऊन विचारले, "काकू, चर्चचं आता सगळं यूट्यूबवर असते ना? मग वयातल्या लोकांच्या टीव्हीला डबी लावून देऊ का? नेट माझंच चालते, तेवढ्यापुरतं वेगळे पैसे नको." आम्ही त्याला धर्मग्रामातील एकट्या राहणाऱ्या अकरा वृद्धांची नावे दिली. त्यांपैकी सहा घरी डबी लागली आहे. उरलेल्या पाच जणांना रिमोटची भीती वाटते. त्यांच्याकडे रविवारी सकाळी कोणी जायचे, ते ठरवावयाचे आहे.